अक्कलदाढ काढल्यानंतर

'अक्कल' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. साधारणपणे 17 ते 25 या वयात येणाऱ्या शेवटच्या दाढेला मराठीत 'अक्कलदाढ' म्हणतात. जागा अपुरी असल्यास ती वाकडी येते आणि कधीकधी काढावी लागते.

दाढ काढल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी तयार होते. ती आतील हाडाचे रक्षण करते. म्हणून पहिले 24 तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने सरबत पिऊ नये. गुठळी निघाली, तर हाड उघडे पडते आणि कानापर्यंत ठणका लागतो. थोडी सूज येणारच. पण तिसऱ्या दिवसानंतर ती वाढली, ताप किंवा पू आला, रक्त थांबेना, ओठ बधिरच राहिला, तर घरी लवंग लावत बसू नका. ताबडतोब दंतवैद्याकडे जा.

तुमच्या घरी मोठ्या भावाची किंवा बहिणीची दाढ काढली, तर त्यांना हे जरूर सांगा.