परदेशातली पहिली सायकल टूर? डॅन्यूबचा काठ धरा!

परदेशात सायकलवर फिरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते घाट, तंबू आणि सहा महिन्यांची सुट्टी. पहिल्या वेळी हे सगळं कशाला?

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठानं सायकलींचा रस्ता जातो. अंतर साधारण ३२० किलोमीटर. नदी वाहते त्याच दिशेनं जायचं, म्हणून मोठे चढ जवळपास नाहीतच. रोज ५०-६० किलोमीटर धरले तर सहा दिवस. पाय बोलायला लागले, तर लिंझ किंवा मेल्कहून सायकलसकट ट्रेन पकडायची. सायकलचं तिकीट मात्र वेगळं. सायकल पासाऊला भाड्यानंही मिळते, त्यामुळे विमानात खोकं चढवायची कटकट वाचते.

खरा चढ आहे तो व्हिसाचा. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा दाखवावा लागतो. ‘जाऊ तिथं मुक्काम’ हे अर्जात चालत नाही, म्हणून रोजचा मुक्काम आधीच ठरवा. बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जाणार असतील, तर अर्जही ऑस्ट्रियाकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

सामान पाठीवर नको, कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरा. तिथं रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, खाऊ शनिवारीच घ्या. आणि हो, तिकडे उजवीकडून चालवायचं. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना हमखास विसरतं!