मॅडम, आम्ही तारांगणात!

‘मॅडम, इथे तर तारांगण आहे!’ फोनवर एमडींचे पीए. माझ्या हातात बुके, पोटात गोळा.

लिखाणासोबत मी अधूनमधून इव्हेंटची कामं घेते. यावेळी एका कंपनीचे बारा बडे पाहुणे, स्थळ वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. मेसेजमध्ये मी घाईत लिहिलं, ‘नेहरू सेंटर, वरळी’. झालं! तीनपैकी एक गाडी थेट ॲनी बेझंट रोडवरच्या नेहरू सेंटरला, म्हणजे तारांगणाला. सायन्स सेंटर आहे डॉ. ई. मोझेस रोडवर, महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूला. तेव्हा मंडळी, पत्ता पूर्ण पाठवा, तोही साहेबांआधी ड्रायव्हरला.

पुढचा घोळही माझाच. तासाभराच्या भेटीत वीस मिनिटं स्वागत, फोटो, भाषण! १९८५ साली राजीव गांधींच्या हस्ते उद्घाटन वगैरे मी पाठ केलं होतं. पण ऐकतंय कोण? इथली गंमत बटणं दाबण्यात, चाकं फिरवण्यात. आणि बाहेरच्या सायन्स पार्कमध्ये जुनी ट्राम, वाफेचं इंजिन, चक्क ‘मारुत’ लढाऊ विमान! एमडी तिथेच रमले. मग एका खेळासाठी शाळेच्या सहलीतल्या पोरांमागे रांगेत उभे. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, ‘थांब गं, माझा नंबर येतोय.’

लंच गार झालं, पण चेक वेळेवर निघाला. पुढच्या महिन्यात दुसरी बॅच आहे. भाषण कापलंय, जेवण पाऊण तास पुढे ढकललंय आणि मेसेजमध्ये ‘सायन्स’ हा शब्द दोनदा टाकलाय.