राखेंतील चिमुकल्या वाट्या

घोडबंदर मार्गालगतचें कोलशेत म्हटलें म्हणजे आज उंच इमारतीच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु ठाण्याच्या या खाडीकांठाची जुनी ओळख भातशेती व मासेमारी हीच होय. आणि येथली भातशेती म्हटली कीं राब आलाच. शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर वाफ्यावर पसरावयाचे, वर थोडी माती टाकावयाची, उन्हाळ्यांत तें सर्व भाजून काढावयाचें आणि मग त्या जागीं रोपासाठीं भात पेरावयाचें, अशी ही रीत. राबाकरितां टहाळ्या तोडण्यावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयत आणि जंगलखातें यांच्यांत मोठा वाद माजला होता. रयतेच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारला १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें.

राब भाजल्यानें तण मरतें, हें शेतकरी पूर्वापार जाणतो. पण तीच आग कांहीं जीवांना आमंत्रणासारखी असते. जळक्या जमिनीवर पाऊस पडून कांहीं दिवस लोटले, म्हणजे राखेंतून नारिंगी, तपकिरी वा जांभळट रंगाच्या चिमुकल्या वाट्या वर येऊं लागतात. ह्या वाट्या म्हणजे बुरशीचीं फळें. कुत्र्याच्या छत्रीचे बीजाणू छत्रीच्या खालच्या अंगास असतात. यांचे मात्र वाटीच्या आंतल्या अंगास, लांबट सूक्ष्म पिशव्यांत, बहुधा आठ-आठ असे असतात. मोठ्या वाटीवर हलकेच फुंकर घातली, तर कधीं कधीं बीजाणूंचा लोट धुरासारखा उडतांना दिसतो.

ह्या वाट्या जळक्या जागींच कां उगवाव्यात? उष्णतेनें मातींतील इतर बुरश्या व जंतू पुष्कळसे मरतात, राखेनें मातीचा आंबटपणा कमी होतो आणि अन्नद्रव्यें मोकळीं होतात. असें रिकामें पडलेलें घर पायरोनेमा नांवाची बुरशी सर्वांआधीं बळकावते. सीव्हर व क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१० सालींच, माती तापविल्यानें होणारे फरक व पायरोनेमाची वाढ यांचा संबंध तपासला होता. ती कोळशासारखें जळकें द्रव्यही पचवूं शकते, असें २०२१ सालच्या एका संशोधनांत आढळलें.

ओळख पटवितांना एक भिंग आणि एक मोजपट्टी एवढें पुरे. एक-दोन मिलिमीटरच्या गुलाबी-नारिंगी टिकल्या एकमेकींस चिकटून पापुद्र्यासारख्या पसरल्या असतील, तर पायरोनेमाचा संशय घ्यावा. टिकली याहून थोडी मोठी, नारिंगी, आणि तिच्या कडेस तपकिरी केसांचे झुबके असतील, तर ती अँथ्राकोबिया असावी. जांभळट रंगाची, एक ते तीन सेंटिमीटरची वाटी पेझायझा वर्गाकडे बोट दाखविते. आणि काळपट वाटीच्या आंतल्या अंगास गडद ठिपके वर आलेले दिसले, तर अ‍ॅस्कोबोलस आठवावा. तथापि अशा बुरश्यांचीं वर्णनें बहुतांशीं थंड देशांतील ग्रंथांत आलेलीं आहेत. तेव्हां केवळ चित्र जुळलें म्हणून नांव कायम करूं नये. बीजाणूंचा आकार, त्यांवरील नक्षी व त्यांतील तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्याखेरीज निर्णय पक्का होत नाहीं.

घरांतील मुलांनीं हा छंद अवश्य धरावा. आग विझल्याची तारीख, पहिला पाऊस, वाटी प्रथम दिसल्याचा दिवस, तिचें माप व रंग हीं वहींत टिपावीं. कोणती बुरशी आधीं येते व कोणती मागून, याचा क्रम त्यांतून आपोआप हातीं लागतो. मात्र वाट्या तोंडांत घालूं नयेत. येऊरच्या डोंगरांत दिसलेल्या वाट्या जागींच पाहाव्या व तेथून कांहीं उचलूं नये, कारण तें राष्ट्रीय उद्यान आहे. आणि या हौसेसाठीं कोठेंही नवी आग तर मुळींच लावूं नये. वणव्यानें जें जळतें, त्याची भरपाई ह्या वाट्या करूं शकत नाहींत. परसांत पालापाचोळा जाळल्याची जुनी जागा असेल, किंवा गांवीं कोणा शेतकऱ्याचा राब असेल, तर पहिल्या सरींनंतर त्याच्या परवानगीनें तेथें वांकून पाहावें. रोपें उगवण्याच्या सुमारास भिंग घेऊन गेलेल्यास तेथें दुसरेंही एक पीक दिसण्याचा संभव आहे.