फरसबंदी, दगडी
फरसबंदी, दगडी : नैसर्गिक दगडाच्या सपाट तुकड्यांनी जमीन आच्छादण्याचे काम. या तुकड्यांना फरशी किंवा लादी म्हणतात. काही खडक मुळातच थरांचे असतात व पहारीने त्यांचे पातळ थर सुटे करता येतात. इतर खडकांचे ठोकळे यंत्राने कापून लाद्या काढाव्या लागतात. दगडी जमीन घासली जाऊन निकामी होण्याचे प्रसंग थोडे असतात. ती बिघडते ती बहुधा खाली राहिलेल्या पाण्यामुळे व पोकळ बैठकीमुळे. त्यामुळे फरशीच्या निवडीइतकेच महत्त्व तिच्याखालील कामास आहे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या बेसाल्टाने व्यापलेला आहे, तो खडक थरांत सुटत नाही. टाकीने घडवलेले त्याचे चिरे घाट, देवळांची प्रांगणे व वाड्यांचे चौक यांसाठी वापरले गेले. घरातील जमीन मात्र बहुधा मातीची, शेणाने सारवलेली असे. घरोघरी दगडी फरशी आली ती शेजारच्या प्रदेशांतून. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद येथील करडा चुनखडक भीमा खोऱ्यातील असून ‘शहाबादी’ हे नाव मराठीत फरशीचाच पर्याय बनले आहे. तेलंगणातील तांडूर, आंध्र प्रदेशातील कडप्पा (काळी फरशी) आणि राजस्थानातील कोटा व झालावाड या भागांतील फरश्याही चुनखडकाच्याच आहेत. मकराना येथील संगमरवर हा चुनखडकाचे रूपांतर होऊन बनलेला आहे. ग्रॅनाइट व वालुकाश्म यांचे घटक निराळे आहेत.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. चुनखडक व संगमरवर यांतील मुख्य खनिज कॅल्साइट असून मोस मापक्रमानुसार त्याची कठिनता 3 आहे. ग्रॅनाइटातील फेल्स्पाराची 6 व क्वॉर्ट्झाची 7 आहे. साहजिकच पायांबरोबर येणारी वाळू संगमरवराची झिलई उतरवते, ग्रॅनाइटाची सहसा उतरवीत नाही. शिवाय कॅल्साइटावर अम्लाची विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो व पृष्ठभाग खाल्ला जातो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे थेंब पडलेल्या जागी राहणारे निस्तेज ठिपके हे डाग नसून झीज होय. नव्या जमिनीवरील सिमेंटाचे थर काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक अम्ल ओतण्याची गवंड्यांची सवय शहाबादी व कोटा फरशीस म्हणूनच घातक ठरते.

बैठक : तळमजल्यावर काळी माती असल्यास ती काढून मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून व धुम्मसाने ठोकून घालतात, ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरील जमीन उचलली जाऊन तडकते. भरावावर दगडांचे सोलिंग व त्यावर सु. 10 सेंमी. जाडीचे काँक्रीट घालतात. ओल वर चढण्याचा संभव असल्यास काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरणे इष्ट असते, कारण केशाकर्षणाने चढणारी ओल नंतर वरून थोपविता येत नाही. न्हाणीघर व मोरी यांच्या जमिनीस पाणी वाहून जाण्याइतका उतार बैठकीतच द्यावा लागतो.

फरशी बसविणे : फरश्या प्रथम धुवून कोरड्याच मांडून पाहतात व रंगाच्या छटा जुळवून घेतात. मग दोरी, गुण्या व पाणसळ यांच्या साहाय्याने पहिली ओळ निश्चित करतात. सिमेंट व वाळूचा 1:4 ते 1:6 प्रमाणाचा, फार ओला नसलेला मसाला सु. 20 ते 25 मिमी. जाडीचा पसरतात. फरशी त्यावर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकतात आणि पुन्हा उचलतात. हे उचलणे घाईच्या कामात टाळले जाते, परंतु सगळ्या कामाचा भरवसा त्यावरच असतो. उचलल्यावर मसाल्यावरील ठशावरून पोकळ जागा दिसतात. त्या भरून मधाइतका दाट सिमेंटचा घोळ ओततात व मग फरशी कायमची बसवितात. बसलेल्या फरशीवर ठोकले असता पोकळ आवाज आल्यास ती तेव्हाच काढावी. जड कपाटाच्या पायाखाली अशीच फरशी प्रथम फुटते. वाळू खारी असता कामा नये. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर न धुतलेल्या वाळूने केलेल्या जमिनींवर वर्षानुवर्षे लोणा फुटत राहतो.

पांढऱ्या संगमरवराखाली पांढरे सिमेंट वापरतात, अन्यथा करडी छाया वर दिसते. ओल राहिल्यास त्यातील लोहयुक्त खनिजे गंजून पिवळे डाग पडतात. राजस्थानातील केसरियाजी येथील हिरवा ‘संगमरवर’ वस्तुतः सर्पेंटाइन खडक आहे. ओल्या मसाल्यावर त्याच्या लाद्या वाकतात, त्यामुळे त्या इपॉक्सीने चिकटवणे श्रेयस्कर.

हाताने घडवलेल्या शहाबादी फरश्यांचे सांधे रुंद, सु. 5 मिमी.पर्यंत, तर यंत्राने कापलेल्या लाद्यांचे 1 ते 2 मिमी. ठेवतात. दरजा भरल्यावर जमिनीवर किमान 7 दिवस पाणी मारतात. नंतर कार्बोरंडमाच्या भरड दगडापासून क्रमाने बारीक दगडापर्यंत यंत्राने घोटून शेवटी ऑक्झॅलिक अम्लाच्या भुकटीने, दर चौ. मी.स सु. 33 ग्रॅ. या प्रमाणात, झिलई देतात.

लाद्या कोरड्या कापताना उडणारी धूळ हा या धंद्यातील सर्वांत गंभीर धोका आहे. वालुकाश्म व ग्रॅनाइट यांच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. राजस्थान शासनाने 2019 मध्ये अशा रोगांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पात्यावर पाण्याची धार सोडून कापल्यास धूळ पुष्कळ कमी होते. बांधकामाच्या जागी मात्र तोंडाला रुमाल बांधून कोरडेच कापताना कामगार आढळतात. रुमालाने ही सूक्ष्म धूळ अडत नाही.

छिद्ररोधन : दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून तेल, चहा, हळद आत शिरून डाग पडू नयेत यासाठी करावयाचा उपचार. पूर्वी मेण किंवा जवसाचे तेल चोळीत. काळ्या कडप्प्यास तेलाचा हात देण्याची रीत अजूनही आहे. तेलाने रंग गडद होतो, पण धूळही चिकटते. हल्लीची द्रव्ये (सीलर) दोन प्रकारची आहेत. ॲक्रिलिकासारखी द्रव्ये पृष्ठभागावर चकचकीत पापुद्रा धरतात. खालून ओल आल्यास तो पापुद्रा पांढुरका होऊन सुटतो. सिलेन व सिलोक्सेन वर्गातील द्रव्ये छिद्रांच्या भिंतींना अस्तर लावतात, पण छिद्रे बुजवीत नाहीत. बाष्पास बाहेर पडण्यास वाट राहते. आपल्याकडील पावसाळी हवेत दुसरा प्रकार अधिक योग्य होय. मात्र अम्लाच्या झिजेपासून तो संगमरवराचे रक्षण करीत नाही.

उपचारापूर्वी जमीन पुरती वाळलेली असावी लागते. त्यास कित्येक आठवडे लागतात. प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून दिवसभर ठेवल्यास व खाली दव जमल्यास काम लांबवावे. पाण्याचा थेंब 10 मिनिटे ठेवूनही दगड काळवंडत नसेल, तर उपचाराची गरज नसते. घट्ट ग्रॅनाइटाच्या बाबतीत पुष्कळदा असेच आढळते. द्रव्य लावल्यावर न शोषलेला भाग वाळण्यापूर्वी फडक्याने पुसून घेतात, नाहीतर चिकट चट्टे राहतात. वापराप्रमाणे काही वर्षांनी थेंबाची चाचणी पुन्हा करून उपचाराची पुनरावृत्ती करतात. एरवी साधे पाणी व सौम्य साबण पुरेसा असतो.