पिन बसते, आवाज बसत नाही

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी गिटार असते आणि प्रत्येक गिटारवाल्याला कधी ना कधी आपलं गाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची हुक्की येते. मग मोठ्या पिनेची छोटी पिन करणारा कन्व्हर्टर आणायचा, तो लॅपटॉपच्या माईकच्या भोकात खुपसायचा आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं. ऐकू येतं ते पिंपात बसून वाजवल्यासारखं, वर ‘हूंऽऽ’ असा आवाज फुकट! दोष गिटारला दिला जातो, नाहीतर लॅपटॉपला. खरं तर दोघंही निर्दोष असतात, त्यांची सोयरीकच चुकीची जुळवलेली असते.

आधी गिटार. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. नुसता रेझिस्टन्सच कित्येक किलोओहम भरतो आणि इंडक्टन्समुळे वरच्या सुरांना इम्पिडन्स आणखी चढतो. लॅपटॉपचा माईक इनपुट मात्र जेमतेम काही किलोओहमचा. पिकअप १० आणि इनपुट २ किलोओहम धरा. व्होल्टेज डिव्हायडरच्या हिशोबाने सिग्नलचा सहावा भाग हाती लागतो. वरचे सूर त्याहून जास्त गळतात, म्हणून आवाज बोदा येतो. टाकीतून बारीक पाइपने पाणी येत असताना खालचा नळ पूर्ण सोडला की प्रेशर पडतं ना, तोच प्रकार.

फर्स्ट इयरला मॅक्झिमम पॉवर ट्रान्स्फर थिअरम घोकलेला असल्यामुळे व्हायवात कुणीही ‘सोर्स आणि लोड सारखे पाहिजेत’ असं ठोकून देईल. पण इथे आपल्याला पॉवर नकोय, व्होल्टेज हवंय. म्हणून लोड सोर्सच्या कितीतरी पट मोठा लागतो. ऑडिओ इंटरफेस नावाची जी छोटी डबी यूएसबीला जोडतात, तिच्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं बटण असतं. ते दाबलं की इनपुट साधारण १ मेगाओहमचा होतो. आता तोच डिव्हायडर मांडून बघा : ९९ टक्के सिग्नल पोचतो.

माईकचं दुखणं वेगळं. त्याचा इम्पिडन्स कमी, पण सिग्नल अगदीच किरकोळ. १९६६ पासून स्टेजवर दिसणारा शुअरचा एसएम५८ घ्या. ९४ डेसिबलच्या दणदणीत आवाजालाही तो २ मिलिव्होल्टच्या आतच देतो. स्टुडिओची लाइन लेव्हल १.२३ व्होल्ट, म्हणजे सहाशेपट वाढवायचं काम प्रीअ‍ॅम्पने करायचं. एवढं वाढवताना वाटेत घुसलेला कचराही वाढणारच! म्हणून माईकला तीन पिनांची एक्सएलआर केबल असते. एक पिन ग्राउंड, उरलेल्या दोन तारांत एकमेकांच्या उलट सिग्नल. बाहेरची घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि वजाबाकीत उडून जाते. कंडेन्सर माईक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. लॅपटॉपच्या जॅकमधले दोन-पाच व्होल्ट तिथे पुरत नाहीत.

हे सगळं मला एवढं जिव्हाळ्याचं का वाटतं? मी मुरुडचा. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. धवळे हा प्रकार मराठीत किती जुना, तर महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांचे धवले त्यांच्या तोंडातच आहेत, वहीत नाहीत. ऐन लग्नात डीजेपुढे ते नीट रेकॉर्ड होणं कठीण. त्यापेक्षा आजीला घरी बसवावं, ‘आजी, सावकाश म्हणा’ सांगावं आणि गिटारसाठी घेतलेली तीच डबी जोडावी.

मुरुडच्या घरात तीन शत्रू : पंखा, समुद्राची गाज आणि वीज. पंखा बंद करता येतो. गाज बंद होत नाही, आणि तिच्यात सगळ्याच फ्रिक्वेन्सी असल्यामुळे फिल्टर लावूनही जात नाही. उपाय एकच, माईक जवळ घ्या. ६० सेंटिमीटरवरून १५ वर आणला की आजीचा आवाज १२ डेसिबलने वाढतो, गाज आहे तेवढीच राहते. समुद्राकडच्या खिडकीवर गोधडी टाका. चार्जर काढल्यावर ‘हूंऽऽ’ थांबत असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. पण घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका! गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि माईक ओठाशी असतो. शॉक बसला तर थेट माणसालाच.

लेव्हल ठेवताना कंजुषी बरी. २४ बिटवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज शिवता येत नाही. आणि आजी मध्येच वरची पट्टी लावणार, हे धरूनच चाला.

गिटारवाल्यांची शेवटची तक्रार : ‘हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो.’ सेकंदाला ४४,१०० सँपल्स आणि बफर १,०२४ चा, म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर, तोही जाताना आणि येताना वेगळा. २३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्प पार व्हरांड्याच्या टोकाला ठेवून वाजवल्यासारखं! बफर १२८ केला की उशीर ३ मिलिसेकंदांवर येतो. डबीवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर प्रश्नच मिटला.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. २००० साली आलेलं ऑडॅसिटी आजही फुकट मिळतं. फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपी३ नंतर करा. नावात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख घाला, तिची परवानगी घ्या आणि एक कॉपी तिच्या घरी द्या. दिवाळीच्या सुट्टीत गिटार घरी नेणारच आहात, तर बॅगेत माईकची केबलही टाका.