गुप्तहेर बालाघाटला आला, पण कोणत्या गाडीनं?

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी स्वतः लिहिलेली एक रहस्यकथा वाचली. साल १८९३. नागपूरचा फौजदार रेल्वेनं बालाघाटला उतरतो आणि खुनाचा छडा लावतो. वाचन संपलं तसे एक काका म्हणाले, "भाऊ, गाडी कोणती?" मी इंजिनिअर, तरी तिथंच अडकलो. गोंदिया-नैनपूरची छोटी लाइन आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. माझ्या फौजदाराला गोंदियाला उतरून पुढं बैलगाडीच करावी लागली असती.

ही चूक दुरुस्त होते. दुसरी मोठी होती. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, तो ताण मी जसाच्या तसा उचलून आपल्या गावात बसवला आणि खुनी कोण हे त्याच्या धर्मावरूनच ठरवून टाकलं. चहाच्या वेळी दोघांनी विचारलं, "हा खून कोणत्या मोहल्ल्यात झाला होता?" तेव्हा मात्र मी घाबरलो. खून झालाच नव्हता!

म्हणून अशा कथा नीट कशा लिहितात ते पाहायला लागलो. सुजाता मॅसी यांची 'द बॉम्बे प्रिन्स' ही कादंबरी घ्या. नायिका परवीन मिस्त्री, पारशी वकील. काळ नोव्हेंबर १९२१. १७ तारखेला इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला आणि दंगल पेटली. पण कुणाकुणात? बहिष्कार घालणाऱ्या जमावात हिंदू-मुसलमान एकत्र होते. मार खाल्ला तो स्वागताला गेलेल्या पारशी-ख्रिस्ती लोकांनी. मग उलट हल्लेही झाले. पन्नासहून अधिक माणसं मेली, गांधीजींनी उपोषण केलं. म्हणजे भांडणाची रेघ दर वेळी एकाच जागी नसते. आजची रेघ जुन्या सालावर ओढली की कथा खोटी पडते.

घड्याळाचंही तसंच. १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली, पण मुंबई शहरानं आपली ३९ मिनिटं मागची वेळ पुढं कितीतरी वर्षं सोडली नाही. "मी नऊला घरी होतो" म्हणणाऱ्या संशयिताला विचारायचं, कोणत्या घड्याळात? आपल्याकडे मात्र ही युक्ती चालत नाही. १८९३ मध्ये रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि बालाघाट जवळजवळ मद्रासच्याच रेखांशावर आहे. फरक अर्ध्या मिनिटाचाही नाही. गणित करून पाहा.

तिसरी गोष्ट कायद्याची. १८७२ च्या पुरावा कायद्यानं पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नसे. मारून कबूल करवतात, हे सरकारलाही ठाऊक होतं. त्यामुळे "शेवटी त्यानं फौजदारापुढं गुन्हा कबूल केला" एवढ्यावर खटला उभा राहत नाही. झडतीला त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच लागत. गावात ताण असताना पंच कोणाकडचे घ्यायचे? खरी कथा इथं आहे, असं मला वाटतं.

सध्या कथा परत लिहितोय. फौजदार बैलगाडीतून येतो. खुनी कोण ते अजून ठरलेलं नाही. पुरावा जिकडं जाईल तिकडं जाऊ. पहिल्या ओळीत मात्र ठळक अक्षरांत लिहिलंय: ही घटना घडलेली नाही.