मागच्या दाराचा टेकू

खासगी मोटारीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आली, म्हणजे पुढील ५ वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात नेण्यापूर्वी मालक इंजिनाचा धूर, ब्रेक, दिवे आणि टायर यांची मन लावून डागडुजी करून घेतो. परंतु डिकीचे दार उचलल्यावर ते वर ठरते की उचलणाऱ्याच्या डोक्यावर उतरते, या बाबीकडे त्या धामधुमीत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घरातील एकाने दार पेलून धरावे आणि दुसऱ्याने वाकून सामान काढावे, अशी वहिवाट तोपर्यंत पडून गेलेली असते. ज्या दिवशी दार धरणारा माणूस हजर नसतो, त्या दिवशी ते पाठीवर, मानेवर, किंवा कडेला हात ठेवून उभ्या असलेल्या मुलाच्या बोटांवर येते. १९९३ साली बाजारात आलेली झेन, १९९८ सालची सँट्रो, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याजवळच्या कारखान्यातून निघालेली इंडिका, या पिढीच्या आणि तिच्यामागून आलेल्या अनेक छोट्या गाड्या तालुक्यांच्या गावांतून आजही काम देत आहेत. त्यांच्या मालकांनी या दुरुस्तीवर अल्प खर्च करावा, यात गैर काहीच नाही. मात्र दाराचे वजन नेमके कशावर टेकले आहे हे डोळ्यांना दिसले पाहिजे, ही त्या अल्पखर्ची इलाजाची कसोटी मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागील दार छतापासून वर उचलले जावे ही रचना १९६१ च्या रेनॉ ४ या फ्रेंच गाडीने सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेली, आणि ते दार वर तोलून धरणाऱ्या वायूच्या दांड्यांचे घाऊक उत्पादन जर्मनीतील कोब्लेंझ येथील स्टॅबिलस या कंपनीने १९६२ मध्ये सुरू केले. आपल्याकडील गॅरेजांत या दांड्यांना ‘डिकीचे शॉकअप’ म्हणतात. बाहेरून पाहता एक काळी नळी आणि तिच्यातून आतबाहेर सरकणारा चकचकीत दांडा, एवढेच दिसते. पण आत अतिशय दाबाने कोंडलेला नायट्रोजन वायू, थोडेसे तेल, आणि दांड्याच्या टोकाशी बारीक छिद्र असलेला दट्ट्या असतो. वायू दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असतो. तथापि ज्या बाजूला दांडा जोडलेला आहे त्या बाजूला दाब पडण्यास तितकी जागा कमी मिळते, आणि या फरकामुळे दांडा सदैव बाहेर ढकलला जातो. ढकलण्याचे हे बळ म्हणजे वायूचा दाब आणि दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार होय. ८ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचे क्षेत्रफळ जेमतेम ५० चौरस मिलिमीटर भरते. तेव्हा त्याच्याकडून ४०० न्यूटनचे, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतके बळ काढायचे तर आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या ऐंशीपट ठेवावा लागतो. टायरमधील हवेच्या दाबाशी ताडून पाहिले, तर तो पस्तीस-चाळीसपट होतो.

एवढ्याशा दाराला एवढे बळ कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. समजा, काच, वायपर आणि कुलूप धरून दार १५ किलोचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर आहे. शॉकअप मात्र बिजागरीच्या अगदी निकट जोडलेला असतो. त्याच्या बळाची रेषा तिच्यापासून १० सेंटिमीटरवरूनच जाते असे धरले, तर तरफेच्या नियमाने दोन्ही शॉकअपना मिळून दाराच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३७० न्यूटन बळ लावावे लागते. दार मिटलेले असताना ही रेषा बिजागरीच्या अधिकच जवळ येते. म्हणून पहिली वीतभर उचल आपल्याला हाताने द्यावी लागते आणि पुढे दार आपण होऊन वर जाते. या हिशेबावरून आणखी एक गोष्ट उलगडते, ती अशी की जोडीतील एक शॉकअप पूर्ण निकामी झाला, तर उरलेला कितीही धडधाकट असला तरी त्याच्या एकट्याच्या आवाक्यात ते दार राहत नाही.

वायू निसटतो तो दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून. दांडा खाली आणि नळी वर अशा स्थितीत आतले तेल सीलपाशी साचून ते ओलसर राहते, आणि म्हणून बहुसंख्य गाड्यांत कारखानदाराने जोडणी तशीच ठेवलेली असते. दुरुस्ती करताना एखाद्याने शॉकअप उलटा बसवला, तर सील कोरडे पडून नवा माल लवकर निकामी होतो. त्याखेरीज रस्त्यावरील धूळ दांड्याला चिकटून सीलखाली घासली जाते, कोकणातील खारट दमट हवेत दांड्यावर गंजाचे बारीक ठिपके उठतात, आणि प्रत्येक ठिपका दार उघडमिट होताना सीलला कानशीप्रमाणे कापत जातो. दांड्यावर तेलाचा काळपट ओघळ दिसला, तर रोगाचे निदान झाले असे समजावे. बाहेरून ग्रीस किंवा तेल चोपडल्याने गेलेला वायू परत येत नाही. तो इलाज नव्हे.

उष्णतेचा परिणाम यात फार मोठा असतो, आणि तो ध्यानात न आल्यामुळे अनेकांची फसगत होते. कोंडलेल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो वा घटतो. म्हणजे मे महिन्यातील दुपारी ४० अंशांवर जो शॉकअप दाराला कसाबसा पुरेसा पडतो, तो डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर जवळजवळ दहा टक्के अशक्त झालेला असतो. नाशिक किंवा पुण्याच्या थंडीत ज्या दाराने पहाटे प्रवासाला निघताना दगा दिला, तेच दार दुपारी उन्हात उभे केल्यावर निमूटपणे वर राहते, आणि मालक दुरुस्तीचा विचार पुढे ढकलतो. असे अर्धवट बळ उरलेले शॉकअप पूर्ण निकामी झालेल्यांहून अधिक घातक होत; कारण पूर्ण निकामी दाराखाली कोणी विश्वासाने वाकत नाही, पण हे दार क्षणभर वर ठरते आणि वाऱ्याची एक झुळूक किंवा खांद्याचा हलका धक्का लागताच खाली येते. तपासणी म्हणूनच गारव्यात करावी. दार अर्ध्यावर नेऊन सोडावे, दोन्ही बाजूंच्या शॉकअपचे गोल सांधे सैल झाले आहेत काय आणि बिजागऱ्या कोरड्या पडल्या आहेत काय हेही पाहावे. कधी कधी वायू शाबूत असून दोष निव्वळ शॉकअपचा सांधा धरणाऱ्या, वाकलेल्या पट्टीत सापडतो. दारावर हौसेने मागाहून बसवलेला पंख किंवा सायकल टांगण्याचे कॅरिअर असेल, तर त्याचे वजन मूळ हिशेबात धरलेले नसते, हेही विसरू नये.

आता इलाजांकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत सन्माननीय तजवीज म्हणजे लाकडी टेकू. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली ठेपा लावतात, त्याच न्यायाने तो काम करतो. त्यासाठी जाड बांबू किंवा सागाची इंचभर जाडीची काठी पुरते. दुसऱ्या माणसाने दार पूर्ण वर धरले असता, खालचे टोक डिकीच्या चौकटीच्या पोलादी कडेवर आणि वरचे टोक दाराच्या आतील पत्र्याच्या मजबूत घडीत टेकेल असे अंतर मोजावे. काचेवर किंवा प्लास्टिकच्या आच्छादनावर टेकू कदापि देऊ नये. काठी पूर्ण उघडीच्या मापाहून किंचित आखूड ठेवली, म्हणजे दार थोडे खाली बसून तिच्यावर आपला भार टाकते आणि ती घट्ट राहते. वरच्या टोकाला खाच पाडून जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा चढवावा, आणि मध्यावर दोरी बांधून ती आतल्या हुकाला अडकवून ठेवावी. नाहीतर सामानाचा धक्का लागून काठी निसटली की शॉकअपच्या अपयशाहून निराळे काही घडत नाही. टेकू मधोमध न देता बाजूला द्यावा, म्हणजे सामान काढायला वाट मोकळी राहते. अशी काठी काही दिवसांची सोय म्हणून वापरावी असे अनेकजण सांगतात. ज्या गाडीची डिकी आठवड्यातून एकदाच उघडते, तिच्यासाठी ती कायमची सोय मानण्यासही माझी हरकत नाही.

दुसरा इलाज याहून सुबक आहे. दार पूर्ण उघडले की शॉकअपचा दांडा वीतभर किंवा अधिक बाहेर येतो. तेवढ्याच लांबीचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा घ्यावा. त्याचा आतला व्यास दांड्याहून मोठा, पण शॉकअपच्या जाड नळीच्या व्यासाहून लहान असावा. त्याला लांबीच्या दिशेने दांडा आत शिरेल एवढी फट पाडावी, आणि कडा कानशीने पूर्ण गुळगुळीत कराव्यात. दार वर धरून हा तुकडा दांड्यावर चढवला की एक टोक जाड नळीच्या तळाला आणि दुसरे खालच्या सांध्याला टेकते; दार वायूवर अवलंबून न राहता धातूवर उभे राहते. पाण्याच्या प्लास्टिक नळीचा तुकडा अनेकजण वापरतात व तो काही काळ चालतोही, परंतु उन्हात बंद गाडीत प्लास्टिक नरम पडते, म्हणून धातू पसंत करावा. या युक्तीत एक पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे: तुकडा काढण्यापूर्वी कोणीही दार ओढून बंद करता कामा नये, कारण त्या ओढीने पट्टी वाकते किंवा बिजागरी पत्र्यातून उचकटते. म्हणून त्याला लाल कापडाची ठसठशीत फीत बांधावी, आणि घरातील प्रत्येकाला ती कशासाठी आहे हे सांगून ठेवावे.

दांड्याला लॉक होणाऱ्या पकडीने चिमटून दार थोपवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिचा मात्र मी निषेध करतो. पकडीच्या दातांनी दांड्याच्या चकचकीत मुलाम्यावर ओरखडे उठतात, आणि पुढल्याच उघडमिटीत तेच ओरखडे सीलचा शेवट करतात; कापड गुंडाळून पकड लावली तर ती घसरते. म्हणजे जी वस्तू वाचवण्यासाठी खटाटोप केला तिचाच नाश, आणि डोक्याला धोका तो धोकाच.

शॉकअपला छिद्र पाडून, व्हॉल्व्ह बसवून पुन्हा वायू भरून देण्याची तयारी काही कारागीर दाखवतात. मोटारीतील हे शॉकअप सामान्यतः पुन्हा भरण्यासाठी घडवलेले नसतात. वायू ज्या सीलमधून गेला ते सील तर जुनेच राहते, आणि वातावरणाच्या ऐंशीपट दाब धारण करणारी नळी घरगुती वेल्डिंगच्या भरवशावर चेहऱ्याजवळ ठेवायची, हा व्यवहार मला तरी अव्वाच्या सव्वा महाग वाटतो.

काटकसरीचा अंतिम टप्पा म्हणजे नवी जोडी. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत ती सुट्या भागांच्या दुकानात एका टायरच्या किमतीहून कमी पैशांत मिळते. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुने शॉकअपही मिळतात, पण त्यांचे सील तुमच्या गाडीतल्या सीलइतकेच म्हातारे असण्याचा संभव असतो. दांडा दाबून पाहिल्याशिवाय आणि तेलाचा मागमूस तपासल्याशिवाय घेऊ नयेत. पलंगाच्या पेटीखालचे शॉकअपही याच तत्त्वाचे असतात, म्हणून ते गाडीला लावण्याचा मोह होतो. पण मोजमाप जुळल्याशिवाय तो टाळावा. जुन्या नळीवर बळाचा आकडा, उदाहरणार्थ ४०० पुढे न्यूटनचे अक्षर, छापलेला असतो; तो आकडा, सांध्यापासून सांध्यापर्यंतची पूर्ण लांबी आणि दांड्याची सरक, ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. मिटल्यावर शॉकअप लांब राहिला तर दार बंद होताना पट्टी किंवा काच फुटते, आणि बळ फार अधिक घेतले तर दार मिटलेले असताना बिजागरीवर अहोरात्र ताण पडून पत्रा वाकू लागतो. बळात दहा टक्क्यांचा फरक चालून जातो, त्याहून अधिकाचा मोह धरू नये.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. प्रथम दाराला काठीचा टेकू द्यावा, सोबत एक माणूस उभा करावा, आणि एका वेळी एकच बाजू सोडवावी. सांध्यावरील तारेची क्लिप लहान चपट्या स्क्रूड्रायव्हरने थोडी उचलली, पूर्ण काढली नाही, तरी गोल डोक्यावरून वाटी सुटते. नवा शॉकअप दांडा खाली ठेवून हाताने दाबला की टक् असा आवाज होऊन बसतो. जोडी एकदमच बदलावी. दांड्याला रंग, पॉलिश किंवा ग्रीस लावू नये. कोरड्या स्वच्छ फडक्याने अधूनमधून पुसणे पुरे.

काढलेली जुनी जोडी मात्र निरुपयोगी म्हणून कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नये. दार उचलू न शकणाऱ्या शॉकअपमध्येही टायरच्या कितीतरी पट दाब अद्याप शिल्लक असू शकतो. म्हणून भंगारवाल्याकडे देताना यात दाबाचा वायू आहे, गॅस कटर लावण्यापूर्वी तो जाणकाराकडून काढून घ्यावा लागेल, हे त्याला तोंडाने सांगावे आणि नळीवर खडूने लिहूनही द्यावे. कारण ती कापायला पुढे बसणारा मुलगा तुमच्या ओळखीचा नसतो, आणि त्याला त्या काळ्या नळीत काय आहे हे दुसरे कोणी सांगणार नसते.